नळाची मूठ

मोरीतला नळ तसा वर्षभरापासून गळत होता. पण मूठ जोरात आवळली की थांबायचा. मागच्या आठवड्यात काही केल्या थांबेना. रात्री बर्डीवरची दुकानं बंद झाली, गाड्यांचा आवाज सरला की घरात तेवढाच एक आवाज... टप्, टप्. झोप कसली लागते! शेवटी उठले आणि खाली पेला ठेवून घड्याळ बघत बसले. मराठीची बाई असले तरी एवढं गणित येतं मला. तासाला २०० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला जवळजवळ ५ लिटर. २०१९ च्या जुलैत तोतलाडोह आटलं होतं आणि आठवड्यातले तीन दिवस नळ कोरडे असायचे, ते आठवलं. मग काही निजवेना.

हे काम नेहमी ‘ह्यांचं’. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून लेकाचं पुण्याहून एकच पालुपद, ‘आई, एकटी किती दिवस राहशील? ते घर काढून टाकू.’ म्हणून नळाचं त्याला सांगितलंच नाही.

प्लंबरचा मुलगा आला. वरची मूठ दोनदा पिळून पाहिली आणि म्हणाला, ‘काकू, हे निघत नाही जी. पार जाम झालं. तोडावं लागते. भिंतपण थोडी फोडावी लागते.’ विचार करून सांगते म्हटलं. हे घर, त्यात पाइप भिंतीच्या आत, पन्नास वर्षांचा. फोडायला सुरुवात केली की कुठं थांबणार?

मग मीच बसले. टाकीचा कॉक बंद केला, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ दिलं. मुठीवरची निळी टिकली सुरीच्या टोकानं काढली. खाली स्क्रू. तो निघाला, पण मूठ हलेना. मूठ एका धातूची, आतला दांडा पितळेचा, मधे वर्षानुवर्षं झिरपून बसलेला पाण्यातला क्षार. आणि वरून आमचं ते रोजचं आवळणं! जितकं आवळावं तितका आतला वायसर चेपतो, मग आणखी गळतं, मग आणखी आवळा...

चिडून बत्ता उचलला होता, खोटं कशाला सांगू. परत ठेवला. ठोकलं असतं तर दांडा वाकला असता, नाहीतर भिंतीतला जोड तडकला असता.

रात्री व्हिनेगरमध्ये फडकं भिजवून मुठीला गुंडाळलं. सकाळी धुऊन कढत पाणी ओतलं, म्हणजे बाहेरची मूठ थोडी फुगते. मग तेल. खोबरेल थंडीनं गोठलेलं, तेव्हा शिलाई मशीनचं घातलं. दोन चमच्यांचे दांडे मुठीखाली समोरासमोर घालून जरा या बाजूनं, जरा त्या बाजूनं उचलायचं. एकीकडूनच रेटलं तर तिरकी होऊन आणखी रुतते. माझी बोटं संधिवाताची, दहा मिनिटांत थकायची. मग चहा.

तिसऱ्या दिवशी दुपारी ‘कट्’ असा आवाज झाला आणि मूठ हातात आली. आत हिरवट-पांढरी खपली. मी तशीच पाटावर बसून राहिले थोडा वेळ.

पुढचं काम पान्ह्याचं, ते माझ्यानं होण्यासारखं नव्हतं. त्याच मुलाला बोलावलं. मूठ हातात घेऊन तो बघतच राहिला. ‘कशी काढली जी काकू?’ म्हटलं, चमच्यानं. दोन मिनिटांत त्यानं नळाचा वरचा भाग उघडला आणि जुना वायसर काढून माझ्या तळहातावर ठेवला. एका अंगानं पांढरा, एका अंगानं निळा. कात्रीनं कापलेला, पुरता गोलही नाही. ह्यांच्या जुन्या हवाई चपलेचा! विकतचा वायसर आणायला हे कधी गेलेच नाहीत.

मुलगा तो फेकायला निघाला होता. म्हटलं, राहू दे.

नवीन वायसर बसला. आता दोन बोटांनी नळ बंद होतो. रात्री लेकाचा फोन आला, ‘काय चाललंय?’ म्हटलं, काही नाही, सगळं ठीक. हे वाचेल तेव्हा कळेलच त्याला.