एल्व्हा नदीच्या तीरीं

मुलाकडे अमेरिकेंत गेलों असतां आम्हीं वॉशिंग्टन राज्यांतील एल्व्हा नदीचें खोरें पाहिलें. येथील ग्लाइन्स कॅनियन हें २१० फूट उंचीचें धरण १९२७ सालीं पुरें झालें. २०११ ते २०१४ या काळांत तें पाडण्यांत आलें. सरोवर ओसरलें, मागें उरला तो वाळू-गोट्यांचा रुक्ष गाळ. त्यांत रोपें लाविलीं. परंतु डग्लस फरच्या मुळांस अळंबीच्या सूक्ष्म तंतूंची जोड लागते. तंतू पाणी व स्फुरद आणून देतात, वृक्ष त्यांस शर्करा देतो. जुन्या रानालगत ही जोड सहज मिळते, उघड्या गाळांत विरळ. चाळीस वर्षें आम्हीं मुलांस ‘परस्परोपकार’ या शब्दाचा विग्रह शिकविला. त्याचा अर्थ मात्र येथें, कोवळ्या रोपाशेजारीं उगवलेली अळंबी पाहून उमगला.