मायची बदकं

साल १९७५. बा ऊसतोडीहून परत आला, तेव्हा गाठोड्यात भुसा घालून बदकाची पाच अंडी आणली होती. कोल्हापूरकडं फडाजवळच्या एका बाईनं दिलेली. घरची कोंबडी खुडूक होती. मायनं अंडी तिच्याखाली ठेवली.

कोंबडीचं पिल्लू २१ दिवसांत निघतं. २१ झाले, २५ झाले. आत्या म्हणाली, "टाक ती नासकी उकिरड्यावर." बा म्हणाला, "ती बाई म्हणली व्हती, ह्याला २८ दिस लागत्यात." माय रोज ओंजळीतून कोमट पाणी अंड्यांवर शिंपडायची. बदकीण ओल्या अंगानं येऊन बसते, कोंबडी कोरडी. तेही त्या बाईनंच सांगितलेलं. २८व्या दिवशी टवके पडले. चार पिल्लं निघाली, एक अंडं वाया गेलं.

पहिला दिवस चारा नाही, पोटात बलक असतो. मग ज्वारीचा भरडा भिजवून. पाणी उथळ परळात, त्यात खडे, म्हणजे चोच बुडंल पण पिल्लू बुडणार नाही. बदकीण असती तर तिच्या पिसांचं तेल पिलांना लागलं असतं. कोंबडीकडं ते कुठलं? म्हणून महिनाभर खोल पाणी बंद. रात्री डालग्याखाली, वर दगड, मांजराच्या भ्यानं.

पिल्लं कोंबडीच्या मागंमागं. पिल्लू जे पहिलं हलताना बघतं त्याच्या मागं लागतं, हे लॉरेंझ नावाच्या शास्त्रज्ञानं हंसाच्या पिलांवर दाखवलं. १९७३ च्या नोबेलचा तो एक मानकरी. हे मी फार पुढं कॉलेजात वाचलं. तेव्हा मला माय आठवली. तिनं पहिल्यांदा बघितली ती खाली घातलेली मान. तिच्या मागं चालत ती मोठी झाली.

गावाजवळचा पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळातला. मायनं सुकडी खाऊन तिथं माती वाहिली. मातीकामाला जात नव्हती. तलाव भरला आणि पाण्याला जात आली. वरचा घाट त्यांचा, खालचा आमचा.

श्रावणात कोंबडी पिलांना घेऊन तिकडं गेली. पाणी दिसताच चारी पिल्लं आत! कोंबडी काठावर ओरडत पळायली. पिल्लं पोहत थेट वरच्या घाटाला. तिथं एकाच्या म्हशी डुंबत होत्या. तोच ओरडला, "हाकल ती बदकं, पाणी बाटायलंय!"

माय काठावर उभी. कोंबडीसारखीच. मी सातवीत होतो. जयंतीच्या भाषणात ऐकलेलं तोंडातून निघालं, "माय, महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. तळं सगळ्यांना खुलं होतं, तरी घ्यावं लागलं."

माय काही बोलली नाही. लुगडं खोचून वरच्या घाटानं पाण्यात उतरली. पिल्लं हाकली आणि घागर भरली.

महिनाभर तिला कुणी खुरपायला बोलावलं नाही. एका सकाळी डालगं उलटं पडलेलं, दोन बदकं गायब. मी रडलो. माय म्हणाली, "रडू नको. जोडी ऱ्हायलीय."

पुढच्या साली त्या जोडीची अंडी आली. माय पुन्हा खुडूक कोंबडीजवळ ओंजळ घेऊन बसली. पाणी वरच्या घाटाचं होतं.