शिट्टीच्या आधी

कुकरची शिट्टी होणार, हे शिट्टीच्या आधी सांगायचं. सूनबाई स्वयंपाकघरातनं म्हणते, "आता एक होणार हं." नातू हात कानावर नेतो, शिट्टी होते, हात खाली येतात. पूर्वी शिट्टीसरशी तो कॉटखाली शिरायचा आणि अर्धा अर्धा तास बाहेर यायचा नाही. कुकर तोच, आवाजही तेवढाच. फक्त आता तो अवचित येत नाही.

*

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा शब्द नातवाच्या सरकारी कागदावर आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत तो येतो, म्हणून मीही लिहितो. पण मला तो पटत नाही. स्वतःत मग्न असलेल्याला शेजारच्या वाड्यातला मिक्सर कसा ऐकू येईल? याला तो आमच्या आधी येतो. ट्यूबचा चोक गुणगुणतो, हे आम्हाला त्याच्यामुळंच कळलं. ट्यूब लावली की हा उठून जायचा. आम्ही म्हणायचो, हट्टी आहे.

*

लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 साली अशा अकरा मुलांवर पहिला मोठा लेख लिहिला. मुलं कशाकशाला घाबरायची, त्याची यादी त्यात आहे: लिफ्ट, झोके, वाहतं पाणी, अंडी फेटायचं यंत्र, वारासुद्धा. म्हणजे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. तरी आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रास होणं किंवा त्यांची जास्त ओढ असणं, हा निदानाचा एक निकष म्हणून अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत यायला 2013 उजाडलं. सत्तर वर्षं! आम्हाला तर दोनच लागली.

*

जोतिबाच्या डोंगरावरची गोष्ट लिहून ठेवतो. यात्रेला नव्हे, साध्या रविवारी नेलं होतं. कुणीतरी भक्तीनं मूठभर गुलाल उधळला, तो याच्या मानेवर, कॉलरच्या आत गेला. त्यानं अंगातला शर्ट फाडायला घेतला. लोक बघायला लागले. मी चापट मारली. लोक बघत होते म्हणून मारली, हे मला तेव्हाही माहीत होतं.

*

वाकळ. माझ्या आईनं शिवलेली, नऊवारी लुगड्यांचे थर एकावर एक. रद्दीवाल्याच्या काट्यावर चार किलो भरली. कितीतरी वर्षं माळ्यावर पडून होती. थेरपिस्ट बाईंनी वजनदार पांघरुणाबद्दल सांगितलं, मुलानं मोबाइलवर किंमत बघितली आणि त्याच्या आईला वाकळ आठवली. पहिल्या रात्री नातू तिच्याखाली शिरला, गुडघे पोटाशी घेतले आणि हलायचा थांबला.

टेम्पल ग्रँडिन या अमेरिकन बाई स्वतः ऑटिस्टिक. नात्यातल्या एका बाईंच्या गोठ्यावर जनावरं खोड्यात घालताना त्यांनी बघितलं, की दोन्ही बाजूंनी दाब आला की बिथरलेलं जनावर शांत होतं. मग अठराव्या वर्षी त्यांनी स्वतःसाठी लाकडी खोडा बनवला. आपल्याकडं खोडा कुणी बघितला नाही? हे मात्र कुणाला सुचलं नाही.

वाकळीचं फार कौतुकही नको. 2014 साली इंग्लंडमधल्या 67 मुलांवरची वजनदार पांघरुणाची चाचणी छापून आली. मुलांची झोप वाढली नव्हती. पण मुलांना आणि आईबापांना साध्या पांघरुणापेक्षा वजनदारच जास्त आवडलं होतं. आमच्याकडंही तसंच. झोप वाढली का, सांगता येत नाही. झोपायच्या आधीची रडारड गेली. नियम दोनच. तोंडावर घ्यायची नाही, आणि त्याला स्वतःला बाजूला टाकता आली पाहिजे.

*

नखं झोपेत. शर्टाची लेबलं उसवून. नवा शर्ट आधी चार वेळा धुवून. शॉवर नको, बादली आणि तांब्या.

*

सगळंच कमी करायचं नसतं, काही वाढवावंही लागतं. याला दाब हवा, ओढाताण हवी, चावायला कडक हवं. कॉलर चावून भिजवायचा. आता हंगामात उसाची सोललेली कांडी देतो, समोर बसून. शाळेतनं आला की अर्धी बादली पाणी झाडांना नेतो, मग कणीक तिंबतो. सांध्यांना आणि स्नायूंना काम मिळालं की त्याला आपलं अंग कुठं आहे ते कळतं, असं थेरपिस्ट बाई म्हणतात. पोळ्या जरा चिवट होतात. मी खातो.

*

उन्हाळ्यात गल्लीत चटणीचे दिवस. मिरच्या भाजल्या की आम्हालाच ठसका लागतो, त्याचं काय होत असेल! चटणी सोडणं कोल्हापुरात शक्य नाही. मग तोड अशी निघाली: शेजारणी आदल्या दिवशी निरोप देतात, आम्ही त्याला सकाळीच रंकाळा तलावावर नेतो. आमची मिरची तर डंकवाल्याकडनंच भाजून आणि कुटून आणतो.

*

डॉल्बी. नाव एका ध्वनितंत्राच्या कंपनीचं, आपण ते स्पीकरच्या भिंतीला दिलं. 2000 सालच्या आवाजाच्या नियमांप्रमाणं राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. गणपतीच्या मिरवणुकीच्या रात्री आमच्या खिडकीच्या काचा वेगळं सांगतात. आवाज अडवणारे इअरमफ त्याला घेतले आहेत, पण ते दिवसभर ठेवायचे नाहीत. कान मग साध्या आवाजालाही नाजूक होतो म्हणतात. शिवाय छातीत घुसणारा ठोका इअरमफनं अडत नाही. अनंत चतुर्दशीला आम्ही गारगोटीला जातो. मी तालीम मंडळाचा जुना कार्यकर्ता. पहिल्या वर्षी वाईट वाटलं.

*

वाकळ एका कडेनं उसवली आहे. नव्या कापडाचं ठिगळ नातवानं हात लावून बाजूला केलं. आमची ही गल्लीत जुनं सुती लुगडं मागायला गेली आहे. "धुऊन देते," असं कुणी म्हणालं, तर वासाच्या पावडरीत धुवू नका, एवढं सांगायला मीही चप्पल घालून मागोमाग निघालो.