पिशवीवरचा ‘सेंद्रिय’ शिक्का कुणाचा?

प्राण्यांच्या सेंद्रिय खाद्यावर लिहा, पण रसायनशास्त्र टाळून लिहा, असं संपादकांनी सांगितलं. ते मला जमणार नाही, कारण गेल्या पावसाळ्यात पाहिलेलं एक मांजर अजून डोक्यातून जात नाही. धाप लागते म्हणून माझ्या एका पशुवैद्य मित्राकडे ते आणलं होतं. तपासणीत हृदयाचे कप्पे ताणलेले, स्नायू पातळ झालेला. मी पशुआहाराचा माणूस, म्हणून मित्राने मला बोलावलं. घरच्यांनी पिशवी पुढे ठेवली. धान्य-डाळींचं खाद्य, वर ठळक अक्षरांत ‘पूर्ण सेंद्रिय, कोणतंही कृत्रिम द्रव्य नाही’. माणसं प्रेमळ होती, पदरमोड करून महागडं खाद्य आणत होती. त्या खाद्यात टॉरिन हे मांजराला अत्यावश्यक असलेलं अमिनो आम्ल नव्हतं. आम्ही ते सुरू केलं, पण उशीर झाला होता.

कुत्रा बहुतेक वेळा दुसऱ्या अमिनो आम्लांपासून टॉरिन स्वतः तयार करतो. मांजराच्या यकृतातली त्यासाठीची विकरं फार दुबळी असतात. शिवाय पित्ताम्लांना जोड म्हणून मांजर टॉरिनच वापरतं, त्यामुळे ते रोज खर्चही होतं. वनस्पतींत ते जवळजवळ नसतं. मांस-मासळीत असतं, पण शिजवताना पाण्यात उतरतं. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय असं फुगतं आणि वेळेत दिलं तर सावरूही शकतं, हे पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ‘सायन्स’मध्ये मांडलं. आमच्या शास्त्राने इतक्या थेट वाचवलेले जीव फार थोडे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. अमेरिकी तक्त्यांत कोरड्या वजनावर किमान ०.१ टक्का टॉरिन सुक्या दाण्यांसाठी सांगितलंय, डबाबंद खाद्यासाठी ०.२. खाद्यात मिसळलं जाणारं हे टॉरिन कारखान्यात बनतं. लोक ‘कृत्रिम’ म्हटलं की दचकतात; त्यांना समजावून मी थकलो आहे.

सरकारी नियमही इथेच अडखळले. अमेरिकेत सेंद्रिय अन्नाचा कायदा १९९० चा, नियम २००२ पासून लागू झाले. ते लिहिताना डोळ्यांसमोर गाई-कोंबड्या होत्या. त्यांना कत्तलखान्यातले उपपदार्थ खाऊ घालायला बंदी आली, आणि गाईसाठी ती योग्यच आहे. पण कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात काळीज, हृदय, फुप्फुस हेच तर असतं! तिथल्या राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाने २००८ मध्ये वेगळे नियम सुचवले. कृषी खात्याचा अंतिम नियम निघाला डिसेंबर २०२४ मध्ये. त्यात सेंद्रिय जनावरांच्या उपपदार्थांना वाट मिळाली आणि कृत्रिम टॉरिनलाही परवानगी. सोळा वर्षं लागली, तरी निर्णय बरोबर झाला, असं माझं ठाम मत आहे. शुद्धतेच्या नावाखाली टॉरिन नाकारणारा नियम मांजराच्या जिवावर उठला असता.

आपल्याकडे २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ‘अन्न’ म्हणजे माणसाने खायचं ते. पशुखाद्य त्यातून स्पष्ट वगळलं आहे. त्यामुळे २०१७ चे सेंद्रिय अन्नाचे नियम आणि ‘जैविक भारत’ हे चिन्ह तुमच्या मांजराच्या पिशवीला लागू होत नाही. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, पण ते ऐच्छिक. ग्राहकाला मात्र वाटतं की पिशवीवर छापलंय म्हणजे कुणीतरी तपासलं असणारच.

आणखी एक गैरसमज आहे. सेंद्रिय शिक्का खरा असला तरी तो कच्चा माल कसा पिकवला, जनावर कसं वाढवलं एवढंच सांगतो. त्या खाण्यावर मांजर जगेल का, हे त्याच्या कक्षेत येत नाही. प्रमाणित सेंद्रिय तांदूळ आणि डाळ एकत्र करूनही मांजराला उपाशी मारता येतं.

म्हणून सरकारकडे माझी मागणी एकच आहे. कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचं मानक सक्तीचं करा आणि ‘सेंद्रिय’ हा दावा त्यातच बांधा. वाचकांनो, तोवर पिशवीची मागची बाजू वाचा. मांजराच्या खाद्यावर टॉरिनचा उल्लेख नसेल, तर समोर कितीही हिरवी पानं छापलेली असोत, ते विकत घेऊ नका.