अर्धा गुंठा

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हांस एक नवाच उद्योग लागला. गांवच्या जुन्या नकाशाची छायाप्रत पुतण्यानें संगणकांत उतरवून ठेविली होती. तीवरून शेतांच्या हद्दी गिरविण्याचें काम त्यानें आमच्या गळ्यांत घातलें. "काका, तुमचा हात स्थिर आहे," एवढ्या स्तुतीनें आम्ही फसलों! 'क्यूजीआयएस' नांवाची ही आज्ञावली फुकट मिळते, हें तिचें भूषण. परंतु चुका दाखविण्यांत ती मुळींच कंजूषपणा करीत नाहीं.

एक शेत गिरवावें, मग शेजारचें. बांध दोघांचा एकच. पण रेघ आपण दोनदां ओढतों, आणि मनुष्याचा हात एकाच वाटेनें दोनदां जात नाहीं. कोठें दोन शेतें एकमेकांवर चढतात, कोठें मध्यें चवळीच्या शेंगेसारखी फट राहते. डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं. तपासणीचा नियम लाविला, कीं लाल खुणा उठतात. आमच्या 112 शेतांत अशा फटी निघाल्या 47! बहुतेकींचा दोष आमचाच. जवळचा बिंदु आपोआप पकडण्याची सोय, म्हणजे 'स्नॅपिंग', आम्हीं चालूच केली नव्हती. ती करून निम्म्याहून अधिक फटी दोन दिवसांत बुजविल्या. पकडीचें अंतर फार मोठें ठेवल्यास बिंदु भलत्याच बांधाला जाऊन चिकटतो, हेंहि तेव्हांच शिकलों.

कांहीं फटी मात्र कागदाच्याच होत्या. मूळ नकाशा मैलास 8 इंच या प्रमाणाचा. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर सुमारें 4 मीटर. त्यांत कागद आकसलेला, घडीवर विरलेला. नेमकें त्या घडीवरच आमचें शेत येतें.

आमचें आणि चुलत्यांचें. त्या मधल्या बांधावरून वडील व आप्पा 11 वर्षें एकमेकांशीं बोलले नाहींत. दिवाळींत आई फराळाचा डबा आमच्या हातीं देई. तो बांधावर ठेवून आम्हीं परत यावयाचें, मग काकू येऊन तो नेई. फट निघाली ती तेथेंच: 70 मीटर लांब, जास्तींत जास्त दीड मीटर रुंद, क्षेत्र सुमारें अर्धा गुंठा.

अशी फट शेजारच्या शेतांत विलीन करतां येते. कोणाच्या, हें आज्ञावली नम्रपणें विचारते: ज्याचें क्षेत्र मोठें त्याच्या, लहान त्याच्या, कीं ज्याची सामाईक हद्द अधिक लांब त्याच्या? क्षेत्र आमचें किंचित् मोठें. हद्दहि आमचीच थोडी अधिक भरली. "काका, एक निवडा आणि मोकळे व्हा, हा नकाशा काय कोर्टांत जाणार आहे?" पुतण्या म्हणाला. खरेंच, सरकारी मोजणीपुढें आमच्या रेघोट्यांना किंमत ती काय? तरी बोट पुढें होईना.

अखेर आप्पांच्या थोरल्यास, दादास, फोन केला. सर्व ऐकून तो म्हणाला, "म्हणजे डबा ठेवायचास ती जागा ना? रविवारीं ये. टेप घेऊन ये. आणि जेवायला थांब."

आज शुक्रवार. बाकीच्या सर्व फटी बुजल्या आहेत. तपासणी केली, कीं पडद्यावर एकच लाल खूण उठते.