आमच्या घरी मिक्सर येतो

"आबा, मला मिक्सर घ्यायचाय," असं नातू म्हणाला, तेव्हा स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, "घे रे बाबा एकदाचा! चटणीचं भांडं केव्हापासून गळतंय."

हा विनोद आमच्या घरात आता इतक्यांदा सांगून झालाय की त्यातली चव गेली. पण सुरुवात तिथूनच झाली, म्हणून सांगितला.

नातवाला हवा होता तो डीजेचा मिक्सर. एक मिक्सर त्याच्याकडे होता. कुणाकडून तरी वापरलेला, स्वस्तात घेतलेला. एका मित्राच्या हळदीला त्याने तो लावला आणि ऐन रंगात एका बाजूचा आवाज गेला. सरकपट्टी वर न्यावी तर खरखर, खाली आणावी तर शुकशुकाट. दहा मिनिटं तो वायरी हलवत बसला. शेवटी कुणीतरी मोबाईल जोडून गाणी लावली आणि लोक नाचायला लागले. ठरलेले पैसे अर्थातच मिळाले नाहीत. घरी आला तो न जेवता झोपला. चिरंजीव म्हणाले, "झालं ना समाधान? आता अभ्यासाला लाग." मला ते वाक्य आवडलं नाही. पस्तीस वर्षं वर्गात उभा राहिलो आहे. पाठ केलेली कविता ऐन वेळी विसरलेला मुलगा कसा दिसतो ते मला ठाऊक आहे.

तरीही मी लगेच हो म्हटलं नाही, खरं सांगतो. डीजे हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर विसर्जनाची मिरवणूक येते, आणि खिडकीच्या काचा थरथरायला लागतात. भाषेचा मास्तर म्हणून एक गंमत माझ्या लक्षात आली आहे. डीजे म्हणजे मुळात डिस्क जॉकी, तबकड्या वाजवणारा माणूस. आपल्याकडे त्यातला माणूस गळून पडला आणि भिंत उरली. 'डीजे आणला', 'डीजे लावला', 'पोलिसांनी डीजे उचलून नेला'! सातारा-कोल्हापूरकडे त्यालाच डॉल्बी म्हणतात. हे तर त्याहून भारी. रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनिअर १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा सल्लागार म्हणून आपल्याच देशात होता. पुढे १९६५ मध्ये लंडनला त्याने कंपनी काढली ती टेपवरची नको असलेली खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट कमी करणाऱ्या माणसाचं नाव आपण गोंगाटालाच दिलं! वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत छापलेली आहे. ती तशीच छापलेली राहते. असो, विषयांतर झालं.

तर मी दोन अटी घातल्या. पैसे मी देईन, ऐंशी हजारांपर्यंत, पण यंत्रावरचं एकेक बटण कशासाठी आहे ते मला समजावून सांगायचं. मला समजलं नाही तर तुलाही समजलेलं नाही, असं मी धरणार. आणि दुसरी अट, माझ्या आईची कॅसेट त्यावरून कॉम्प्युटरमध्ये उतरवून द्यायची.

ही कॅसेट १९८६ सालची. सुट्टीत गावी गेलो होतो तेव्हा मित्राचा टेपरेकॉर्डर नेला होता. आई पहाटे दळायला बसली आणि मी जात्यापासून हातभर अंतरावर तो ठेवून बटण दाबलं. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, पण आमच्या गावी ते आले नव्हते. आईच्या ओव्या एवढ्याच, त्या साठ मिनिटांत.

नातवाने शिकवणी मात्र मनापासून घेतली. त्याच्या मते सगळं सुरू झालं ११ ऑगस्ट १९७३ ला, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू होताना नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने राहत्या इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ, ज्याला पुढे जग कूल हर्क म्हणून ओळखू लागलं. हिप-हॉपचा जन्म त्या रात्री झाला असं मानतात. शाळेच्या कपड्यांसाठी! हे ऐकल्यावर माझा विरोध निम्मा मावळला, हे कबूल करतो.

मिक्सरचं मूळ काम अगदी साधं आहे. एक गाणं लोकांना ऐकू जात असताना दुसरं फक्त स्वतःच्या हेडफोनमध्ये ऐकायचं, त्याची लय पहिल्याशी जुळवायची आणि मग हळूच आत आणायचं. जुन्या काळी त्याच ब्राँक्समधल्या ग्रँडमास्टर फ्लॅशने ही हेडफोनची सोय स्वतः जुळवून बनवली होती. प्रत्येक गाण्याला एक उभी पट्टी, त्यावर खर्ज, मध्य आणि तार स्वर कमी-जास्त करणारी तीन बटणं. दोन गाण्यांचा खर्ज एकदम वाजला की चिखल होतो; म्हणून एकाचा काढायचा आणि दुसऱ्याचा त्याच क्षणी घालायचा. खाली एक आडवी पट्टी, क्रॉसफेडर. ती इकडून तिकडे नेली की एक गाणं जातं, दुसरं येतं.

पण मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो 'आवाज' समजायला. त्या एका यंत्रावर आवाजाची पाच बटणं! मी म्हटलं, एवढी कशाला? तो म्हणाला, "आबा, हे पाच वेगळे आवाज आहेत." गेन म्हणजे बाहेरून आलेला आवाज यंत्रात किती घ्यायचा ते. उभी पट्टी म्हणजे त्यातला किती मिश्रणात सोडायचा. मास्टर म्हणजे लोकांना किती. बूथ म्हणजे वाजवणाऱ्याच्या शेजारच्या स्पीकरला किती. आणि हेडफोन म्हणजे फक्त स्वतःच्या कानाला किती. गेन चुकला तर पुढचं सगळं चुकतं. दिवा हिरवा असेपर्यंत ठीक, लाल झाला की आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटले जातात, आणि रेकॉर्डिंगमध्ये छाटलेले शेंडे परत नीट जोडता येत नाहीत. मी मान डोलावली. वहीत लिहूनही घेतलं. हे मुद्दाम सांगतोय.

मग आम्ही दोघं तपकीर गल्लीत जाऊन आलो. दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं. "काका, डीजे कोण, तुम्ही का?" मी म्हटलं, "अजून शिकतोय."

तिथे कळलं की मिक्सर म्हणून मागितलं तर चार जातींच्या वस्तू पुढे येतात. एक कंट्रोलर, म्हणजे मिक्सर आणि तबकड्या एकाच पाटावर. सुटसुटीत, स्वस्त, पण बरेचसे लॅपटॉप जोडल्याशिवाय मुके. दुसरा दोन गाण्यांचा, ज्यावर तबकडी मागेपुढे घासून खर्र-खर्र आवाज काढणारे लोक आपला क्रॉसफेडर झिजवतात. आमचा मुलगा त्यातला नाही, त्याला एक गाणं दुसऱ्यात दोन-दोन मिनिटं विरघळवत न्यायला आवडतं. तिसरा क्लबांमध्ये असतो तसा चार गाण्यांचा मोठा, तो माझ्या ऐंशी हजारांच्या फार पलीकडे. आणि चौथे मधले, दोन गाण्यांचे पण नीट बनवलेले, आत साउंडकार्ड असलेले. आमचा शोध तिथे येऊन थांबला.

त्यात दोन उरले. एक पायोनियरचा. (पायोनियरची ही डीजेची शाखा २०१५ मध्ये वेगळी झाली आणि २०२० पासून त्या कंपनीचं नाव अल्फाथीटा आहे, ही माहिती नातवाकडून.) दुसरा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या अ‍ॅलन अँड हीथचा, झोन २३सी. पायोनियरच्या बाजूने मुद्दा बळकट होता. बहुतेक क्लबांत तोच मांडलेला असतो. घरी ज्यावर हात बसला, तेच बाहेर सापडलं तर बरं. परीक्षेला नेहमीचंच पेन न्यावं, तसं. पण नातवाला झोनचा फिल्टर ऐकायचा होता. दुकानदाराने लावून दाखवला. बटण फिरवलं तसं गाणं पाण्याखाली गेल्यासारखं झालं आणि पुन्हा वर आलं. माझ्या कानांना सुद्धा तो फरक कळला, आणि माझे कान आता फारसे भरवशाचे नाहीत. शिवाय त्यातल्या साउंडकार्डावर चार स्टिरिओ वाटा आहेत. म्हणजे नुसतं शेवटचं मिश्रणच नाही, तर प्रत्येक गाणं वेगळं वेगळं कॉम्प्युटरवर उतरवता येतं आणि एखादी चूक झाली तर तेवढीच दुरुस्त करता येते. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याला हे फार उपयोगी.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कुणा आजी-आजोबांवर अशीच वेळ आली तर. एकाच पेटीत कार्यक्रमही आणि घरचा स्टुडिओही, असं होईलच असं नाही. स्टुडिओत गाण्यासाठी वापरतात त्या कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि बहुतेक डीजे मिक्सर तो देत नाहीत. साधा डायनॅमिक माइक चालतो. नातवाच्या यादीत कंडेन्सर माइक होता. तो आम्ही खोडला आणि त्या पैशांत कानात घालायचे चांगले बोळे घेतले. तो कुरकुरला. मी त्याला गणित घातलं. ८५ डेसिबल आठ तास सोसतं, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, असा अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब आहे; मग १०० डेसिबल किती वेळ? त्याने बोटांवर मोजलं. "पंधरा मिनिटं." मग कुरकुर थांबली.

मिक्सर घरी आला. चिरंजीवांनी खोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही त्याला डोक्यावर बसवताय." मी काही बोललो नाही.

रविवारी दुपारी कॅसेट काढली. टेप सैल पडली होती, ती पेन्सिलीने घट्ट केली. शेजाऱ्यांचा जुना डेक आणला होता. नातवाने आधी बजावलं की कॅसेट डेक लाइनमध्ये लावायचा, फोनोमध्ये नाही. फोनोचं भोक तबकडीच्या सुईसाठी असतं. तिथून येणारा आवाज इतका बारीक असतो की यंत्र त्याला खूप मोठा करतं, डेक तिथे लावला तर सगळं फाटणार. हे सगळं त्याने बरोबर केलं. सुरुवातीचा काही भाग वाजवून पातळी बघितली, टेप मागे घेतली आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. दिवे हिरवे.

आधी जातं ऐकू आलं. घरघर, मग एक लय. मग आई. मला नीट ऐकू येईना. जात्याचा आवाज मोठा आणि तिचा त्याच्या मागे. चाळीस वर्षांनी ऐकत होतो, शब्द कळत नव्हते. मी म्हणालो, "मोठा कर रे." त्याने थोडा केला. मी पुन्हा म्हणालो, "अजून मोठा कर." त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं असावं. त्याने गेन वाढवला.

हेडफोनचं बटण बोटभर अंतरावर होतं. ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही, वहीत लिहिलेलं होतं. दोघांच्याही लक्षात आलं नाही. शब्द मला स्पष्ट ऐकू यायला लागले आणि मी डोळे मिटून बसलो. बाजू संपली तेव्हा त्याने पडद्यावर पाहिलं. जात्याचा प्रत्येक फेरा वरून सपाट कापल्यासारखा दिसत होता.

"परत करू आबा, काही नाही," तो म्हणाला. टेप मागे नेली, पुन्हा लावली. गेन खाली. या वेळी मी गप्प बसलो. एकोणीस मिनिटं सगळं उत्तम चाललं. मग आईचा आवाज जड झाला, लांबला, आणि डेकमधून कुरकुर असा आवाज आला. टेप आत गुंडाळली गेली होती. सोडवताना ती एका जागी तुटली, आणि पुढचा बराच भाग चुरगळला.

त्यामुळे आता त्या बाजूची पहिली एकोणीस मिनिटं स्वच्छ आहेत आणि उरलेली अकरा फाटक्या आवाजातली. त्या अकरा मिनिटांत माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरच्या ओव्या आहेत. नातू रात्री दोन वाजेपर्यंत काहीबाही करून बघत होता. थोडं सुधारलं, फार नाही. सकाळी म्हणाला, "सॉरी आबा, मी दिवा बघायला हवा होता." मी त्याला सांगितलं की मोठा कर म्हणणारा मी होतो. त्याला ते पटलं असं वाटलं नाही.

संध्याकाळी चिरंजीव ऑफिसमधून आले, बूटही न काढता दारात उभे राहून ऐकत होते. फाटका भाग लागला तेव्हा म्हणाले, "आजीचा आवाज असा नव्हता." मग आत येऊन बसले आणि म्हणाले, "सुरुवातीपासून लाव बरं." त्या दिवशी मिक्सरच्या किमतीचा विषय निघाला नाही.

दुसरी बाजू अजून वाजवलेली नाही. टेप सांधून नव्या खोक्यात घालून देणारा एक माणूस नातवाने शोधून काढलाय, त्याच्याकडे शनिवारी जायचं आहे. दरम्यान मिक्सरवर गेनच्या बटणाशेजारी पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लागला आहे. त्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, 'आबांनी सांगितलं तरी नाही.' अक्षर सुधारायला हवं त्याचं.