डायनॅमोवरचा शिक्का

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार म्हटला की डोळ्यांपुढे येतात ते चकाकणारा रंग, क्रोमच्या पट्ट्या आणि चामड्याच्या बैठका. मोटारीचे खरे दफ्तर मात्र बॉनेटखाली असते. डायनॅमो, स्टार्टर, कॉइल, कटआउटची काळी पेटी आणि तारांचा जुडगा. यांतील कोणता भाग कारखान्यातून आलेला आणि कोणता नंतर बसवलेला, हे ओळखण्याची रीत कागदपत्रांच्या चिकित्सेहून फारशी वेगळी नाही. हा धागा त्या रीतीविषयी.

उदाहरणासाठी मॉरिस मायनर घेऊ. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी रचलेली ही छोटी गाडी १९४८ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली येथून बाहेर पडली आणि दहा लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश मोटार ठरली. १९७१ पर्यंत ती बनत राहिली. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांनाही ती अनोळखी नव्हती.

तिची जवळजवळ सारी विद्युत सामग्री बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीची. जोसेफ लुकास एकोणिसाव्या शतकात रॉकेलचे दिवे विकत असत. पुढे सायकलचे दिवे आले, मग मोटारींचे. विसाव्या शतकाच्या मध्याला ब्रिटिश मोटारीचे बॉनेट उघडावे आणि लुकासचे नाव दिसू नये, असे क्वचितच घडे. इंग्रज मोटारप्रेमी थट्टेने जोसेफ लुकास यांना ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात. थट्टा मजेदार आहे, पण पुष्कळशी अन्यायाची. चाळीस वर्षे गंजलेल्या अर्थिंगचा दोष दिव्याच्या माथी मारला जातो.

लुकासने एक उपकार मात्र इतिहासावर नक्कीच केला. भागांवर ती केवळ नाव छापून थांबली नाही. डायनॅमोच्या लोखंडी नळकांड्यावर नमुन्याचा क्रमांक (मायनरवर सी ३९ किंवा नंतरचा सी ४०), पाच आकडी भाग-क्रमांक, त्यामागे एखादे अक्षर आणि शेवटी दोन लहान संख्या ठोकलेल्या असतात. उदाहरणार्थ, ‘१० ६२’. म्हणजे ऑक्टोबर १९६२. स्टार्टर, डिस्ट्रिब्यूटर, वायपरची मोटार, अशा अनेक भागांवर ही नोंद सापडते. मात्र ती दिसण्याआधी काजळी आणि तेलाचा थर रॉकेलने हलक्या हाताने पुसावा लागतो. तारेच्या ब्रशने खरवडणारा उत्साही मेकॅनिक येथे शिलालेखावर टाकी चालवणाऱ्याइतकाच घातक.

वाचनात एक पेच आहे. नंतरच्या काळात काही भागांवर महिन्याऐवजी आठवडा ठोकला जाऊ लागला. ‘३८ ६७’ असे दिसले तर प्रश्न नाही, कारण अडतिसावा महिना असत नाही. पण पहिली संख्या बारा किंवा त्याहून लहान असेल तर? मोडी पत्रांवर काम करणाऱ्यांना हा पेच ओळखीचा वाटेल. पत्रावर चंद्र आणि महिना आहे, पण साल नाही, अशा वेळी मजकुरातील माणसे आणि प्रसंग यांवरून काळ ठरवावा लागतो. येथेही शेजारचे भाग साक्षीला बोलवावे लागतात.

तारीख हाती आली की तुलना मोटारीच्या जन्मतारखेशी. इंग्लंडमधील गेडन येथे ब्रिटिश मोटार उद्योगाचा वारसा जपणारी संस्था आहे. कारखान्यांच्या मूळ खातेवह्यांवरून ती अनेक मोटारींचे बांधणी-प्रमाणपत्र देते. मोटार मार्च १९५९ ची आणि डायनॅमो जानेवारी १९५९ चा असेल, तर जोडी जुळते. भाग आधी बनतो, मग कारखान्यात पोचतो, मग गाडीवर चढतो. डायनॅमो ऑगस्ट १९५९ चा असेल तर तो मूळ असूच शकत नाही, मग विक्रेता कितीही शपथा घेवो. आणि तो १९५३ चा निघाला, तर बहुधा दुसऱ्या एखाद्या गाडीच्या अंगावरून आलेला.

येथेच बनावट दस्तऐवजांचे दालन उघडते. तारीख जुळणाऱ्या भागाला परदेशच्या बाजारात जास्त किंमत मिळते, म्हणून जुने आकडे घासून नवे ठोकणारे कारागीर निर्माण झाले. जुन्या शिक्क्याच्या खोबणीत रंग आणि गंज एकत्र मुरलेले असतात. नव्याची कड धारदार राहते आणि भोवतीचा पृष्ठभाग संशयास्पद सपाट. त्याहून चतुर प्रकारही आहे. बाहेरून हुबेहूब सी ४०, पोटात मात्र आधुनिक अल्टरनेटर. रोज गाडी चालवणाऱ्याने तो बसवावा, त्यात पाप नाही. पण तो ‘मूळ’ म्हणून विकणे हा सरळ खोटेपणा आहे.

शिक्का नसलेले भागही बोलतात. कॉइलच्या दोन टोकांवर ‘एस डब्ल्यू’ आणि ‘सी बी’ ही अक्षरे असतील तर ती जुनी धाटणी. अधिक-उणे चिन्हे नंतरची. मायनरच्या बॅटरीचे अधिक टोक मोटारीच्या अंगाला जोडलेले असे, आणि उत्पादन थांबेपर्यंत तसेच राहिले. ट्रान्झिस्टर रेडिओ बसवण्यासाठी अशा अनेक गाड्यांची जोडणी पुढे उलटी करण्यात आली. म्हणून चिन्हे असलेली कॉइल दिसताच, ती केव्हा आणि कशासाठी आली, हे विचारायचे.

तारांचे रंग हा तर स्वतंत्र लिपीचा विषय. तपकिरी तार बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून जाणारी, निळी मोठ्या दिव्यांची, लाल मागच्या-बाजूच्या दिव्यांची, काळी अर्थची. मूळ जुडग्यावर सुती वेष्टण असे आणि त्यात दुसऱ्या रंगाचा धागा विणलेला. हिरव्या तारेच्या जागी पिवळी दिसली, की कोणीतरी घाईत, हाती लागेल ती तार जोडून गाडी घरी नेली आहे. स्क्रूही तपासावेत. लुकासच्या लहान स्क्रूंवर ‘बी.ए.’ मापाचे आटे असतात. कटआउटच्या झाकणात मेट्रिक स्क्रू बसला असेल, तर पेटी नक्की उघडली गेली आहे.

आता खरा वाद. समजा, मुंबईतील एका मायनरवर डायनॅमो निघतो तो बर्मिंगहॅमचा नव्हे, ‘लुकास-टीव्हीएस’चा. लुकास आणि मद्रासच्या टीव्हीएस समूहाने १९६१ मध्ये मिळून स्थापलेली ही कंपनी. कारखाना मद्रासजवळच्या पाडी येथे. परकीय चलनाची चणचण आणि आयातीवरचे निर्बंध यांच्या त्या दशकांत इंग्लंडहून सुटा भाग मागवणे सामान्य मालकाच्या आवाक्यातले नव्हते. आर्मेचर पुन्हा भरून घ्यावे, जुन्या बाजारात शोधावे, किंवा देशी भाग बसवावा. काउलीत जन्मलेली गाडी गिरगावात धावत राहिली ती अशाच भागांच्या बळावर.

स्पर्धांचे परीक्षक या डायनॅमोचे गुण कापतील, आणि त्यांच्या नियमांत ते बरोबरच आहेत. त्यांना गाडी कारखान्याच्या दारातून निघाली त्या दिवशी जशी होती तशी हवी. पण तो दिवस त्या गाडीच्या आयुष्यातला एकच दिवस. पुढची तीस-चाळीस वर्षे ती कोणत्या देशात, कोणत्या टंचाईत जगली, याचा पुरावा पाडीच्या शिक्क्यात आहे. इंग्लंडहून मागवलेला ‘अचूक तारखेचा’ डायनॅमो त्या जागी बसतो तेव्हा एक खोटी साक्ष खऱ्या साक्षीला उठवून स्वतः बसते. तो १९५९ चा असेलही, पण या गाडीचा कधीच नव्हता. जीर्णोद्धाराच्या नावाखाली भंगारात गेलेल्या अशा भागांची नोंद कोणी ठेवलेली नाही, ही आपल्याकडची हळहळ वाटण्याजोगी गोष्ट.

मालकाला बर्मिंगहॅमचाच डायनॅमो हवा असेल, तर निदान काढलेला भाग फेकू नये. त्याला चिठ्ठी बांधावी: गाडीचा चॅसी क्रमांक, भाग काढल्याची तारीख, शिक्क्यावरील सर्व आकडे आणि काढताना बॅटरीचे कोणते टोक अर्थला होते ते. हे शेवटचे कलम विसरले जाते. जोडणी बदललेल्या गाडीवरचा डायनॅमो उद्या पुन्हा मूळ जोडणीत बसवायचा झाला, तर त्याच्या दोन्ही तारा सोडून ‘एफ’ टोकाला बॅटरीच्या चालू टोकाचा क्षणभर स्पर्श द्यावा लागतो. तो दिला नाही, तर डायनॅमो उलट्या दिशेने वीज देईल आणि कटआउटचे संपर्कबिंदू जळतील.